तेजोवध आणि क्रीडाधर्म

खेळात अंगच्या बळाबरोबर जिभेचे बळही वापरले जाते, ही गोष्ट काही नवी नव्हे. आट्यापाट्यांच्या पाटीवर, हुतूतूच्या अंगणात आणि कुस्तीच्या फडात प्रतिपक्षाला चार शब्द सुनावल्यावाचून आपल्याकडे कोणाचे मन भरत नाही, आणि ते ऐकणारे प्रेक्षकही त्यांत रमतात. तथापि क्रिकेटच्या मैदानावर गेल्या पाच-सहा दशकांत या शब्दयुद्धाला जे पद्धतशीर स्वरूप प्राप्त झाले आहे, त्याची जात निराळी आहे. गोलंदाज, यष्टिरक्षक आणि जवळचे क्षेत्ररक्षक यांनी ठरवून एका फलंदाजाच्या कानावर अपमानाचा मारा करावयाचा, आणि जे चेंडूने साधत नाही ते शब्दाने साधून घ्यावयाचे, अशी ही रीत आहे. तिला 'स्लेजिंग' असे नाव आहे. हा शब्द १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात रूढ झाला, आणि त्याचे नाते लोहाराच्या घणाशी जोडण्यात येते. ज्या कोणी हे नामकरण केले त्याने या कलेच्या नाजुकपणाविषयी कोणाची फसवणूक केलेली नाही, एवढे कबूल केलेच पाहिजे.

या विषयाचा विचार खेळाचे जाणकार आपल्या परीने करतीलच. आम्ही येथे तो वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने करणार आहोत. शिवी हाही भाषेचाच एक प्रयोग आहे. आणि कोणताही भाषाप्रयोग म्हटला की तो कोणी, कोणाला, कोठे आणि कशासाठी केला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. आमच्या आलंकारिकांनी याच विचाराला औचित्यविचार म्हटले आहे.

ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याच्या काळात या प्रकाराला 'प्रतिपक्षाच्या मनाचे विघटन' अशा अर्थाचे एक भारदस्त नाव मिळाले. मराठी वाचकाला हे नाव ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्यापाशी याहून नेमका आणि फार जुना शब्द आहे: तेजोवध. महाभारताच्या उद्योगपर्वात शल्य हा दुर्योधनाच्या आतिथ्याला भुलून कौरवपक्षाला वचन देऊन बसतो आणि मग पांडवांना भेटावयास येतो. त्या वेळी युधिष्ठिर त्याला गळ घालतो की, कर्णाचे सारथ्य तुझ्याकडे येईल तेव्हा तू त्याचा तेजोवध कर. धर्मराजाने ही विनंती करताना एक गोष्ट लपविलेली नाही. हे कृत्य अकर्तव्य आहे, न करण्याजोगे आहे, असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो आणि तरीही ते मागतो. जयाची गरज आणि धर्माची जाणीव या दोहोंत सापडलेल्या मनुष्याचा हा उद्गार आहे. आजच्या तेजोवधकर्त्यांचा आणि युधिष्ठिराचा फरक येथेच दिसतो. ते हे कृत्य करतात आणि वर त्याला 'खेळाचा भाग' म्हणतात.

पुढे कर्णपर्वात या विनंतीचे जे फळ व्यासांनी दाखविले आहे, ते प्रत्येक कर्णधाराने वाचण्यासारखे आहे. शल्य आरंभ करतो तो कर्णाच्या पराक्रमावरील टीकेने. हंसाशी स्पर्धा करावयास निघालेल्या कावळ्याची गोष्टही तो त्याला ऐकवितो, आणि ती गोष्ट गोष्ट म्हणून मोठी चतुर आहे. पण वाक्कलह तेथे थांबत नाही. कर्ण चिडून शल्याच्या मद्रदेशाची निंदा करू लागतो, त्या देशातील लोकांच्या आचारविचारांवर घसरतो, तेथील स्त्रियांविषयी न बोलावे ते बोलतो. शेवटी दुर्योधनाला मध्ये पडून दोघांना शांत करावे लागते. कौशल्यावरील टीकेपासून निघालेला शब्द देश, कुळ आणि स्त्रिया यांच्यापर्यंत किती थोड्या अवकाशात जाऊन पोहोचतो, याचे इतके प्रामाणिक चित्र दुसरीकडे क्वचितच असेल. याच महाकाव्यात युद्धारंभी उभय पक्षांनी ठरविलेल्या नियमांत, जो शब्दांनी लढतो त्याच्याशी शब्दांनीच लढावे, असाही एक नियम आहे. म्हणजे वाग्युद्ध व्यासांना अमान्य नव्हते; त्याचे क्षेत्र आखलेले असावे, एवढीच अपेक्षा होती.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वीचे क्रिकेट हे सभ्य गृहस्थांचे होते आणि आता ते बिघडले, असे म्हणण्याची आमची इच्छा नाही. १८८२ च्या ओव्हल कसोटीत डब्ल्यू. जी. ग्रेस याने, धाव पूर्ण करून खेळपट्टी सारखी करावयास पुढे गेलेल्या सॅमी जोन्स या तरुण फलंदाजाला धावचीत केले. त्या रागाच्या भरात स्पॉफर्थने इंग्लंडचा डाव कापून काढला आणि ऑस्ट्रेलियाने सामना ७ धावांनी जिंकला. १९३२-३३ साली डग्लस जार्डिन (हा गृहस्थ जन्माने मुंबईचा) याने लारवुडकरवी फलंदाजांच्या अंगावर मारा करविला. जानेवारी १९३३ मध्ये ॲडलेड येथे छातीवर चेंडू लागलेल्या वुडफुलने इंग्लंडचे व्यवस्थापक वॉर्नर यांना ऐकविले की, मैदानावर दोन संघ आहेत आणि त्यांपैकी एकच क्रिकेट खेळत आहे. या सभ्य गृहस्थांच्या इंग्लंडात हौशी आणि पगारी खेळाडू असा भेद थेट १९६२ पर्यंत चालू होता.

आणि आपल्याकडील गोष्ट? पळवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज पुण्यात हिंदू संघाला विजय मिळवून देत असे, आणि चहाच्या वेळी त्याच बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देण्यात येई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या खेळाडूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. त्या मंडपात कोणी बाळूंना शिवी दिली असेल वा नसेल. मातीचे भांडे पुरेसे बोलके होते. तेव्हा अपशब्दांचा अभाव म्हणजे सभ्यता, ही व्याख्या आम्हांस मान्य नाही. मौनानेही मनुष्याचा अपमान करता येतो, आणि सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजांना ती विद्या चांगली अवगत असते.

मग स्लेजिंगवर आमचा आक्षेप नेमका कोणता? त्याचे समर्थक तीन युक्तिवाद पुढे करतात, त्यांचा क्रमाने विचार केला म्हणजे आक्षेप स्पष्ट होईल. पहिला युक्तिवाद असा की, क्रिकेट ही मनाच्या खंबीरपणाचीही परीक्षा आहे; शब्दांनी जो ढळतो तो कच्चा. यावर आमचे उत्तर असे की, ती परीक्षा खेळाच्या रचनेतच आहे. दोन फलंदाज अकरा जणांच्या वेढ्यात उभे असतात, आणि एका चुकीने डाव संपतो. याहून मनाची कठोर परीक्षा कोणती हवी? दुसरे असे की, गोलंदाजाच्या प्रत्येक अस्त्राला जोखीम असते. उसळता चेंडू भय दाखवितो हे खरे. पण तो सीमेपार टोलविला जाऊ शकतो, आणि कसोटीत एका षटकात असे चेंडू किती टाकावेत यालाही मर्यादा आहे. अपशब्द फेकणाऱ्याला मात्र कसलीच जोखीम नसते. त्या शब्दाला चौकार मारता येत नाही. ज्या अस्त्राला प्रत्युत्तर खेळाच्या साधनांनी देता येत नाही, ते खेळाचे अस्त्र नव्हे, एवढे साधे तर्कशास्त्र येथे पुरेसे आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, मैदानावरचे मैदानावरच राहते. सायंकाळी सर्वजण एकत्र बसतात. हे अर्धसत्य आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मायकेल क्लार्क याने जेम्स अँडरसनला, हात मोडून घ्यावयास तयार राहा, अशा अर्थाची शिवीयुक्त धमकी दिली. यष्टीजवळच्या ध्वनिग्राहकाने ती घरोघर पोहोचविली आणि क्लार्कला सामन्याच्या मानधनाच्या २० टक्के दंड झाला. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सिडनीच्या मैदानावर चेंडू लागून फिलिप ह्यूज या तरुण फलंदाजाचा अंत झाला. तो निव्वळ अपघात होता. त्यात कोणाचा द्वेष नव्हता, आणि सर्वांत अधिक शोक क्लार्कनेच केला. पण ज्या खेळात चेंडूने मनुष्य मरू शकतो, त्या खेळात हात मोडण्याची भाषा अलंकारिक राहत नाही, हे त्या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत मोहक आहे. तो असा की, यामुळे खेळात विनोद आणि रंगत येते. विनोदाचे नाव निघाले की आम्हांस थांबून विचार करावा लागतो, कारण थट्टा, उपहास आणि शिवी ही तीन भावंडे दिसावयास सारखी असली तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. थट्टा दोघांना हसविते. उपहास एकाला हसवितो आणि दुसऱ्याला झोंबतो. शिवी कोणालाच हसवीत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्न येथे टिम पेन याने ऋषभ पंतला, आपल्या मुलांना सांभाळावयास येशील काय, असे यष्टीमागून विचारले. काही दिवसांनी पेन यांच्या कुटुंबासमवेत, त्यांचे मूल कडेवर घेतलेल्या पंतचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. ही थट्टा होय. हाच पेन जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथे, आर. अश्विन आणि हनुमा विहारी हे दुखावलेल्या अंगाने सामना वाचवीत असता, अश्विनला शिवी देऊन बसला आणि त्याच डावात झेलही सोडीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वर्तनाबद्दल उघडपणे क्षमा मागितली. मनुष्य एकच, मैदानेही एकाच देशातील. पण पहिल्या प्रसंगी खेळ त्याच्या हाती होता आणि दुसऱ्या प्रसंगी तो निसटत होता. शिवी बहुधा सामर्थ्य सरल्यावर येते.

शब्द सुटल्यावर तो कोठे जाऊन लागेल हे सुटणाऱ्याच्या हाती नसते, याचे उदाहरण मे २००३ मध्ये अँटिग्वा येथे घडले. वेस्ट इंडीजचा संघ चौथ्या डावात ४१८ धावांचा पाठलाग करीत होता. रामनरेश सरवान दाद देत नाही असे पाहून ग्लेन मॅक्ग्राने त्याला एक अश्लील प्रश्न विचारला. सरवानने त्याच मापाचे उत्तर दिले, आणि ते मॅक्ग्राच्या पत्नीच्या नावाशी येऊन भिडले. ती बाई त्या काळी कर्करोगाशी झुंजत होती. मॅक्ग्राच्या संतापाला पारावार राहिला नाही, आणि साऱ्या जगाने ते दृश्य पाहिले. सरवानने शतक पुरे केले, वेस्ट इंडीजने ते लक्ष्य गाठून विक्रम केला. तेजोवध झाला तो कोणाचा? शल्य आणि कर्ण यांच्या रथावरील संवादच जणू पुन्हा घडला, आणि या वेळी तेजोवधाला निघालेला स्वतःच घायाळ झाला.

आता या रोगावर योजलेल्या औषधाकडे, म्हणजे नियमांच्या संहितेकडे वळू. २००० साली क्रिकेटच्या नियमांना 'खेळाची भावना' सांगणारी एक प्रस्तावना जोडण्यात आली; तिच्यामागे कॉलिन काउड्रे आणि टेड डेक्स्टर या दोन जुन्या इंग्लिश कर्णधारांचा पुढाकार होता. मूळ मजकुरात निषिद्ध गोष्टींची यादी होती. पंचाच्या निर्णयाशी वाद घालणे, प्रतिस्पर्ध्याशी शिवराळ बोलणे यांबरोबरच, आपल्या संघाला उत्तेजन देण्याच्या मिषाने शब्दांनी वा गलक्याने प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे हेही तिच्यात होते. हे 'मिषाने' कलम लिहिणाऱ्याला मनुष्यस्वभावाची चांगली ओळख होती, असे आम्हांस वाटते; स्लेजिंगचे नाव न घेता त्याने त्याचे सोंग ओळखले होते. २०१७ च्या नव्या संहितेत प्रस्तावना आखूड झाली. आदर हे तिचे मुख्य सूत्र झाले, आणि शिक्षेचा भाग खेळाडूंच्या वर्तनासंबंधीच्या स्वतंत्र नियमात गेला. त्यात गुन्ह्यांच्या चार पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांना ताकीद आणि ५ धावांचा दंड, तिसरीला काही षटके मैदानाबाहेर, चौथीला सामन्यापुरती हकालपट्टी.

ही रचना वाचताना एक दोष नजरेस येतो. फलंदाज चेंडू खेळण्याच्या तयारीत असता वा खेळत असता त्याचे लक्ष मुद्दाम विचलित करणे, हे नियमांत स्पष्टपणे गैर ठरविले आहे. पण एक चेंडू संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो अवकाश असतो, तेथे कायद्याची भाषा एकदम ढिली पडते. कारण तेथे 'शिवराळ' काय आणि 'नुसते खोचक' काय, हे पंचाने कानाने ठरवावयाचे असते. स्लेजिंगचा सारा संसार याच अवकाशात थाटलेला आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी १९९१ पासून सामनाधिकारी आले, २०१६ पासून दोषांकांची पद्धत आली. चोवीस महिन्यांत चार दोषांक झाले की खेळाडूला बाहेर बसावे लागते. हे सर्व ठीक आहे. पण सर्वांत हलक्या गुन्ह्याला मानधनाच्या फार तर निम्मा दंड, ही तरतूद वाचून आम्हांस दुकानातील दरपत्रकाची आठवण होते. ज्याच्या पदरी कोट्यवधी रुपये आहेत, त्याला हा दर परवडतो.

या संहितेची खरी कसोटी जानेवारी २००८ च्या सिडनी सामन्यात लागली. हरभजनसिंग याने अँड्र्यू सायमंड्सला वर्णावरून हिणविले, असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी, वांशिक शिवी दिल्याचे पुराव्याने सिद्ध होत नाही, असा निर्णय देऊन अपमानकारक भाषेबद्दल निम्म्या मानधनाचा दंड केला. उच्चारलेला शब्द माकडवाचक इंग्रजी शब्द होता की त्याच्याशी ध्वनिसाम्य असलेली हिंदीतील आईवरची शिवी होती, या व्युत्पत्तिशास्त्राच्या प्रश्नावर दोन देशांचे संबंध टांगले गेले. अनिल कुंबळे यांनी त्या वेळी एकच संघ खेळाच्या भावनेने खेळत होता असे म्हणून पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या वुडफुलची आठवण करून दिली, आणि आपल्याकडे त्या वाक्याचे कौतुक झाले. पण ती शिवी आईवरचीच होती म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, यातील विपरीतपणा फारच थोड्यांच्या ध्यानात आला.

आणि त्याआधी तीनच महिने, ऑक्टोबर २००७ मध्ये, बडोदे येथे आणि नंतर आमच्या मुंबईच्या वानखेडे मैदानावर, याच सायमंड्सला पाहून प्रेक्षकांतून माकडाचे हावभाव झाले, आणि वानखेडेवरून काही जणांना पोलिसांनी बाहेर नेले, हे कसे विसरावे? ते लोक कोणी परग्रहावरचे नव्हते. तिकिटाचे पैसे मोजण्याची ऐपत असलेले आमचेच शेजारी होते. २०२१ साली सिडनीत महंमद सिराजला प्रेक्षकांनी हिणविले तेव्हा खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढण्यात आले, आणि आपण सर्वांनी संताप व्यक्त केला. तो संताप रास्त होता. परंतु वानखेडेची लाज ज्याला वाटली नाही, त्याच्या सिडनीवरील संतापाला नैतिक वजन किती द्यावे, हा प्रश्न उरतोच.

आमच्या अभिरुचीतही गेल्या काही वर्षांत पालट झाला आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये याच वानखेडेवर गुंडाप्पा विश्वनाथ यांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलाविले. ती भागीदारी वाढली, भारत सामना हरला, आणि तरीही लोकांनी विश्वनाथांना आदराने स्मरणात ठेवले. पुढल्याच वर्षी मेलबर्न येथे सुनील गावसकर प्रतिपक्षाच्या तोंडचे अपशब्द ऐकून संतापाने चेतन चौहान यांना घेऊन मैदान सोडावयास निघाले, आणि व्यवस्थापकांनी चौहान यांना सीमेवर थोपविले म्हणून सामना वाचला. पुढे गावसकरांनी स्वतः त्या रागाबद्दल खेद व्यक्त केला. त्या काळी आम्ही शिव्यांचे बळी होतो आणि तक्रार करीत होतो. आता आमचेच खेळाडू डोळे वटारतात, आणि आम्ही त्याला 'जिगर' म्हणतो. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्न येथे विराट कोहली यांनी एकोणीस वर्षांच्या सॅम कॉन्स्टास या पदार्पण करणाऱ्या मुलाला खांद्याने धक्का दिला; २० टक्के मानधन आणि एक दोषांक, एवढ्यावर प्रकरण मिटले. फलंदाज म्हणून कोहली यांची थोरवी निर्विवाद आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते की, ज्याच्या बॅटीला इतकी वाचा आहे त्याला खांद्याची भाषा कशासाठी लागावी?

जय हाच एकमेव निकष झाला की तो कोठवर नेतो, हे मार्च २०१८ मध्ये केपटाउनला दिसले. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी चेंडू घासण्यासाठी खरकागद मैदानात नेला. स्मिथ आणि वॉर्नर यांना वर्षभराची आणि बँक्रॉफ्टला नऊ महिन्यांची बंदी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने, किंमत न मोजता जिंकण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. शिवीपासून खरकागदापर्यंतची वाट पुष्कळ लांब दिसते. पण दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत एकच आहे, की प्रतिपक्ष हा आपल्या जयाच्या वाटेतील अडथळा आहे, खेळातील भागीदार नव्हे.

उपाय कोठे आहे? कायद्याची धार वाढवावी, मानधनाऐवजी सामना गमावण्याची शिक्षा सढळपणे द्यावी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दुर्योधनाने रथावरचे भांडण थांबविले ते कायद्याने नव्हे, नायक या नात्याने. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइमतूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात अशीच एक गोष्ट घडली. पश्चिम विभागाचा यशस्वी जयस्वाल दक्षिण विभागाच्या रवितेजाला सारखे डिवचीत होता. पंचांनी समज दिली, कर्णधार अजिंक्य रहाणे यांनी समज दिली, तरी तो ऐकेना. तेव्हा रहाणे यांनी आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठविले. हा तरुण त्याच सामन्यात द्विशतक करून बसला होता. अशा मनुष्याला सर्वांदेखत बाहेर काढावयास धैर्य लागते. काही वेळाने जयस्वाल परत आला, पश्चिम विभागाने सामना मोठ्या फरकाने जिंकला. शिस्तीने जय हातचा जातो, हा समज त्या दिवशी तरी खोटा ठरला.

याच रहाणे यांच्या नेतृत्वाखाली २०२१ साली ब्रिस्बेन येथे आमच्या संघाने ऑस्ट्रेलियाला नमविले, आणि त्या सामन्यानंतर, शंभरावी कसोटी खेळणाऱ्या नेथन लायनला त्यांनी सर्वांच्या सह्या असलेला सदरा भेट दिला. संस्कृतचे प्राध्यापक असूनही महाराष्ट्राला दोनदा रणजी करंडक जिंकून देणाऱ्या दि. ब. देवधरांच्या प्रांतात तेजोवध शब्दाचा अर्थ सांगावा लागू नये. पण तेजाचा आदर कसा करावा, हे अशा प्रसंगांतून आमच्या मुलांना पुन्हा शिकता येईल.

कारण शेवटी हा प्रश्न मुलांचा आहे. सायंकाळी घरातील सर्व मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात, आणि खेळाडूच्या ओठांची हालचाल पाहून शब्द ओळखण्याची विद्या आठ वर्षांच्या मुलालाही येते. दुसऱ्या दिवशी तीच विद्या तो गल्लीत वापरतो. अशा वेळी वडील माणसे हसतात, गप्प बसतात, की दोन शब्द बोलतात, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पंच मैदानावर दोनच असतात. घरोघरच्या पंचांची संख्या त्याहून फार मोठी आहे.